उंटापुढचे प्यादे

मित्रांनो, २०१८ साली माझ्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट घडली. मी एक जुने, काळे, शिसवी प्यादे आहे. झाशीच्या एका कारखान्यातल्या सुताराने उरलेल्या लाकडातून आमचा संच घडवला आणि तिथले इंजिनिअर शरदचंद्रराव यांना भेट दिला. त्यांची लेक रेवती लहानपणी मला चावली. तेव्हापासून माझ्या डोक्याला टवका आहे. तो झाकावा म्हणून त्यांची बायको सिंधूताई मला नेहमी वजिराकडच्या उंटापुढे ठेवत. तिथून मला क्वचितच कुणी हलवले.

शरदचंद्रराव निवृत्त झाले. बरोबरीची मराठी बिऱ्हाडे एकेक करून नागपूर-पुण्याला परतली. या दोघांनी झाशीतच लक्ष्मी गेटपाशी घर केले होते, ते मागे राहिले. हळूहळू शरदचंद्ररावांचे बोलणेच आटले. संध्याकाळी डाव मांडायचे, पांढरी सोंगटी सरकवायची, खिडकीबाहेर बघायचे. सिंधूताईंनी राजापुढचे प्यादे सारायचे. रोज तेच. डाव संपे, पण घरात शब्द उमटत नसे. सोंगट्या डब्यात भरताना सिंधूताई आमच्याशीच पुटपुटत.

जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत राहणारी मुग्धा गणपतीत ओळखीची झाली. ती बुद्धिबळ शिकलेली. एका दुपारी म्हणाली, "काकू, काळ्याने रोज तेच उत्तर का द्यायचं? हे टवक्याचं प्यादं दोन घरं टाका. काका विचारात पडतील."

"विचारात ते बसलेलेच असतात गं. तोंड उघडलं तर पुरे!"

मग रोज दुपारी, शरदचंद्रराव झोपले की सिंधूताई नवी सुरुवात घोकू लागल्या. आधी मी, मागून घोडा, मग बाजूची प्यादी. चुकले की "अरे राम" म्हणून पुन्हा मांडायच्या. इतका हात मला कधी लागला नव्हता.

अखेर एका संध्याकाळी त्यांनी मला दोन घरे पुढे ठेवले. पुढच्या चालीसाठी निघालेला शरदचंद्ररावांचा हात थबकला. त्यांनी मला उचलून एक घर मागे ठेवले.

"सिंधू, आपल्यात प्यादं एकच घर चालतं."

घोकण्याच्या नादात घरचा नियम सिंधूताई पार विसरल्या होत्या! पण त्या डगमगल्या नाहीत.

"आता सगळीकडे दोन चालतं."

"सगळीकडे चालू दे. बाबांनी एकच शिकवलंय."

"बरं, एक. पण हेच प्यादं."

"हे खूळ कुणी भरवलं?"

"तुम्हाला काय करायचंय? चाल करा."

"अच्छा? रुक, अभी दिखाता हूँ!" कारखान्यातला त्यांचा जुना आवाज घरात घुमला. एका घरामुळे सिंधूताईंचे घोकलेले सगळे फसले आणि त्या सपशेल हरल्या. दोघे मात्र जेवतानाही भांडत होते. पुढे रोज नवा डाव आणि नवी कुरबुर.

दुसऱ्या वर्षी मुग्धाच्या नवऱ्याची बदली जोधपूरला झाली. तिचे अधूनमधून मेसेज येत. शरदचंद्रराव २०२१च्या थंडीत गेले. रेवतीने आईला भोपाळला नेले. ती भली आहे, पण कामात बुडालेली. सिंधूताई दिवसभर गॅलरीत बसतात. आता त्या बोलत नाहीत. आम्ही कपाटावर, धूळ खात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असे गप्प बसले असेल तर डबा उघडा आणि समोर बसा. नियम येत नसले तरी बसा. चुकीची का होईना, एक चाल करा.