सरजाबाईसाठी आलेली पेशी

मी एक मूळपेशी बोलतेय. डॉक्टर मला स्टेम सेल म्हणतात. माझ्याबद्दल लोकांनी इतक्या बाता मारून ठेवल्यात की ऐकताना माझी मलाच लाज वाटते. म्हणे मी निकामी झालेला अवयव नवा करून देते! असलं काही मला येत नाही. मला काय येतं आणि काय जमलं नाही, तेवढंच सांगते.

माझा जन्म लातूरच्या एका दवाखान्यात, देवणीकडच्या अयोध्या नावाच्या बाईच्या बाळाच्या नाळेत. बाळ रडलं, सगळे हसले आणि नाळ कापली गेली. डॉक्टरीणबाईंनी ती संशोधनासाठी मागितली, तशी अयोध्येची सासू मंजुळाबाई एकदम पुढं आली.

"न्हाई, न्हाई! आमच्यात वार-नाळ घरामागं पुरतेत. लेकरू घराला धरून ऱ्हातंय."

"आत्याबाई, पुरून मातीच व्हायची की," अयोध्या पडल्या पडल्या म्हणाली. "कुणाच्या कामी येत असंल तर नेऊ द्या."

मंजुळाबाईनं तोंड फिरवलं. पण जाताना तिनंच डॉक्टरीणबाईंना बजावलं, "नीट ठेवा बरं का. आमच्या लेकराची हाय." इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी निरोप दिला नाही.

पुढं प्रयोगशाळा आली. उबदार पेटीत आम्ही वाढलो, एकीच्या कितीतरी झालो, आणि मग आम्हाला गोठवून ठेवलं. मला जाग आली ती नांदेडच्या एका दवाखान्यात, सरजाबाईच्या उशाशी, एका लहानशा पिशवीत.

सरजाबाई हदगावकडची. रोजानं सोयाबीन काढायला जायची. सोयाबीन ते केवढं, गुडघ्याएवढं! ते कापलं की रान उघडं पडतं, आडोशाला एक झुडूपसुद्धा उरत नाही. गड्यांचं काय, ते पाठ फिरवून कुठंही उभे राहतात. बायांनी जायचं कुठं? म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. सरजाबाई नुसती चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. कंबर भरून आली की दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी घ्यायची. वर ऑक्टोबरचं ऊन. त्यातच तिला जुलाब लागले आणि दोन्ही किडन्या बंद पडल्या.

माणसाच्या अंगात पांढऱ्या पेशी पहाऱ्याला असतात. किडनीतल्या मेलेल्या पेशी उचलायला त्या धावल्या. तिथवर ठीक होतं. पण त्यांना थांबायचं कळेना. मेलेल्यांबरोबर जिवंत पेशींनाही त्यांनी झोडपायला घेतलं आणि किडनी आणखी सुजली. अशा पहारेकऱ्यांना समजावणं हे माझं काम. मी भांडण सोडवायला आलेली बाई, एवढीच माझी ओळख.

डॉक्टर अमरेश यांनी सरजाबाईच्या मुलीपासून, लुंबिनीपासून, काही लपवलं नव्हतं. "या उपचाराचा अजून अभ्यासच चालू आहे, गुण येईलच असं नाही. डायलिसिस चालूच ठेवावं लागेल."

"पण सर, लघवी सुरू व्हईल का?"

"तिचीच वाट बघतोय."

लुंबिनीनं होकार दिला. खाटेला टांगलेली लघवीची पिशवी कोरडी होती. भेटायला येणारा जो तो आधी तिच्याकडं बघायचा आणि विचारायचा, "झाली का?" बाईमाणसानं ज्याचं नावही काढू नये असा दंडक, त्याची आता सगळं गणगोत चौकशी करत होतं. मला याचा फार राग आला. हीच चौकशी रानात कुणी केली असती तर?

किडनी बंद, म्हणून पाणीही बंद. लुंबिनी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायची.

"घोटभर दे ना गं."

"माय, डॉक्टर नको म्हणून राहिले."

"रानात घागर भरून ऱ्हायची. तवा म्या पिले न्हाई," सरजाबाई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

मला तिच्या शिरेतून आत सोडलं. किडनीपर्यंत मी पोचलेच नाही. आमच्यातल्या बहुतेकींचं असंच होतं, आम्ही फुप्फुसाच्या बारीक जाळ्यात अडकतो. तिथूनच मी पहारेकऱ्यांना निरोप धाडत राहिले, की पुरे करा आता, त्या पेशी जिवंत आहेत. एका पहारेकऱ्यानं मला परकी म्हणून घेरलं आणि गिळून टाकलं. त्याचं मला दुःख नाही. मला गिळलेला पहारेकरी निवळतो. तो निवळला, आणखीही काही निवळले.

पण मला उशीर झाला होता. तिच्या रक्तात जंतू पसरले होते. रक्तदाब इतका उतरला की डायलिसिस झेपेना. पिशवी कोरडी ती कोरडीच राहिली.

आज सकाळी डॉक्टर अमरेश आले. बराच वेळ नाडी धरून उभे राहिले. मग लुंबिनीला म्हणाले, "आता पाणी द्या त्यांना. मागतील तेवढं द्या. आणि जरा बाहेर या, बोलायचंय."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. "माय! पाणी द्या म्हणले गं!" असं म्हणत ती गिलास घेऊन पाणी आणायला पळाली. एवढी हसताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं.

सरजाबाईनं डॉक्टरांकडं पाहिलं. आता काही उपाय उरला नाही, हे तिला कळलं होतं.

"साहेब, तिला जरा दमानं सांगा," ती म्हणाली. "आधी तिच्या हातचं पिऊन घेते."

मी आता त्या पहारेकऱ्याच्या पोटात विरघळत चाललेय, जास्त बोलवत नाही. माझ्यासारखीची वाट बघत बसू नका. रान कापायला बाया लावाल तेव्हा बांधाला चार काठ्या रोवा, त्यांना एक जुनं लुगडं गुंडाळा आणि घागर जवळ ठेवा. लुंबिनी गिलास घेऊन आली आहे. सरजाबाई तिच्या तोंडाकडं बघत पितेय, आणि लुंबिनी म्हणतेय, "हळू पी माय, आता कुणी न्हाई म्हणत न्हाई."