तीन तासांचा झेंडा

शेवटच्या वळणावर पोहोचल्यावर बाईंनी धावणं थांबवलं आणि त्या चालू लागल्या. मनगटावरच्या घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती आणि शर्यत संपते ती कमान तर समोर दिसत होती. पाठीला बांधलेल्या काठीवर पिवळा झेंडा फडफडत होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तीन तास’. या झेंड्याने बरोब्बर तीन तासांना कमानीखालून जायचं, ना आधी ना नंतर, एवढंच त्याचं काम. म्हणून बाई ती चार मिनिटं खर्चत होत्या. वेळेआधी आलेला पाहुणा फाटकाशी रेंगाळतो तशा.

मागे वळून बघायला चार मिनिटं पुष्कळ होती. त्यांनी बघितलं नाही.

तीन तास झाले की कमान बंद होते आणि त्यानंतर येणाऱ्याला पदक मिळत नाही. त्यामुळे हा झेंडा शेवटचा. ज्यांचा स्वतःच्या पायांवर भरवसा नसतो ते तो या झेंड्यावर ठेवतात आणि त्याच्या मागोमाग पळतात. पहाटे सुटताना बाईंच्या मागे बारा-तेरा जण होते. कोणी पहिल्यांदा एकवीस किलोमीटर पळत होतं, कोणी आजारातून उठून आलं होतं. सगळ्यांत जवळ होती इस्त्रीवाली. लाँड्रीत दिवसभर उभं राहून कपडे इस्त्री करायची, म्हणून हे नाव. तीही त्या नावाला ओ द्यायची.

“बाई, मी तुमची पाठ सोडायची नाही,” ती सुरुवातीलाच म्हणाली होती. “गेल्या वर्षी मागे पडलेल्यांना उचलणाऱ्या गाडीत बसून आले. यंदा गाडीचं तोंड बघायचं नाही.”

“गाडी येईल आणि जाईल,” बाई म्हणाल्या होत्या. “तू फक्त झेंडा बघ.”

आणि इस्त्रीवालीने झेंडाच बघितला होता.

कमानीखालून बाई गेल्या तेव्हा वरच्या घड्याळात तीन तासांना काही सेकंद कमी होते. ध्वनिक्षेपकावरचा माणूस खूश झाला. “तीन तासांचा झेंडा आला बघा, घड्याळं लावून घ्या!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. छायाचित्रकार गुडघा टेकून बसला होता. त्याने बाईंना हात वर करायला सांगितलं. त्यांनी वर केला. चौकटीत त्या एकट्याच होत्या.

खरं म्हणजे सगळं नीट चाललं होतं. पहिले आठ किलोमीटर बाईंनी शाळेत गणित शिकवावं तसे नेले, ढ मुलालाही पायरी चुकू न देता. दहाव्यानंतर रस्ता परत फिरत होता, त्यामुळे नवव्याला पुढे गेलेले धावणारे समोरून येत होते, त्यांत हरिणी होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हरिणी आणि बाई जोडीने पळायच्या. मग बाईंचा गुडघा गेला. आता हरिणीच्या पाठीवर दोन तासांचा झेंडा होता. तिने लांबूनच हात केला आणि हसत ओरडली,

“काय गं, झेंडा वाळत घालायला निघालीस का?”

भोवतीचे हसले. बाईंच्या मागचेसुद्धा हसले, गोड मानून. हरिणी निघूनही गेली. मनाने वाईट नव्हती ती. जोडीने पळायच्या तेव्हाही अशीच बोलायची आणि बाई तिला दामदुप्पट परत करायच्या. या वेळी त्यांची पावलं मात्र लांब पडू लागली. पुढे पूल आहे, हाताशी थोडी मिनिटं असलेली बरी, असं त्यांनी मनाला सांगितलं. मन अशा वेळी फार शहाणं असतं, लगेच पटवून घेतं.

“बाई, जरा जोरात होतंय का?” मागून कोणीतरी विचारलं.

“पुलासाठी,” बाई म्हणाल्या.

पुलाच्या चढावर मागची पावलं एकेक करून विरत गेली. आधी एका म्हाताऱ्याचं खोकणं मागे पडलं, मग दोन पोरींचं बोलणं. शेवटी एकच श्वास उरला, शिट्टीसारखा वाजणारा. तो बराच वेळ सोबत होता. पूल उतरल्यावर तोही ऐकू येईना. तेव्हा वळून बघायला हवं होतं. पण वळलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि थांबलं असतं तर का थांबलो ते कळलं असतं.

स्वयंसेवक कमानीचं कापड सोडवून घडी घालत होते तेव्हा इस्त्रीवाली आली. कठड्याला धरून, एक पाय ओढत. बाईंनी पुढे होऊन तिला पाणी दिलं. तिने बाटली घेतली, पण प्यायली नाही.

“बाई, माफ करा,” ती म्हणाली. “तुमचं नाव घालवलं मी.”

“असं काय बोलतेस.”

“तुम्ही एवढ्या वेळेवर आलात आणि मागे कोणीच नाही. लोक काय म्हणतील. माझ्यात दमच नाही बाई. उगीच तुमच्या मागे लागले.”

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात हरिणी पदक गळ्यात घालून आली आणि तिने दोघींच्या खांद्यांवर हात टाकला. “चला, चहा थंड होतोय. अगं, हिच्याकडून शिकावं. सेकंदसुद्धा इकडचा तिकडे नाही.”

इस्त्रीवालीने मान डोलावली. अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पळायला गेल्या नाहीत. कितीतरी वर्षांचा नेम होता. पाऊस असो, पाहुणे असोत, तो चुकला नव्हता. तो मोडला तरी घरात कोणी विचारलं नाही. त्यांना वाटलं, कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. फोनवर मात्र शुभेच्छांचा पूर आला होता. धावणाऱ्यांच्या गटावर गटाच्या कप्तानांनी त्यांचा फोटो टाकला होता, हात वर केलेला, आणि खाली लिहिलं होतं, ‘झेंडा असावा तर असा.’

कप्तान व्यवसायाने दंतवैद्य होते. बाई शाळा सुटल्यावर त्यांच्या दवाखान्यात गेल्या. एक पेशंट तोंड उघडून बसला होता, त्यामुळे बोलणं दारातच झालं.

“तो फोटो काढा,” बाई म्हणाल्या.

“का? छान आलाय.”

“झेंडा एकटा आला, कप्तान. मागे कोणी नव्हतं.”

“पुलावर सगळेच मागे पडतात हो. दरवर्षीचं आहे ते.” कप्तानांनी हातमोजा ओढून घट्ट केला. “झेंड्याने वेळेवर यायचं. मागच्यांना कडेवर घेऊन यायचं नसतं.”

“मी पुलाआधीच वेग वाढवला होता.”

“थोडं वरखाली होणारच. माणूस आहात, घड्याळ नाही. म्हणजे, जवळपास घड्याळच आहात.” ते स्वतःच्या विनोदावर हसले. आतल्या पेशंटने घशातून काहीतरी आवाज काढला. “आलो आलो. बाई, पुढच्या वर्षी अडीच तासांचा झेंडा घ्या. तुम्हाला हा हळू पडतो, मला कळतंय.”

बाई जिना उतरल्या. खाली येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण त्यात काही नव्हतंही. वेग वाढवला, एवढंच त्या बोलल्या होत्या. शेवटची चार मिनिटं त्यांनी सांगितलीच नव्हती.

रविवारच्या सरावाला इस्त्रीवाली आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. “सोडलं म्हणे तिने,” कोणीतरी बूट बांधताना म्हणालं. “तिला झेपण्यातलं नव्हतंच.” बाईंनी आपल्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

सोमवारी त्यांनी कपाटातून यजमानांचे तीन शर्ट काढले. तिन्ही इस्त्रीचे होते. ते त्यांनी पलंगावर टाकले, हातांनी चुरगळले, पिशवीत कोंबले आणि लाँड्रीचा रस्ता धरला.

लाँड्री म्हणजे अरुंद गाळा होता. एका बाजूला टांगलेले कपडे, दुसऱ्या बाजूला लांब टेबल, त्यावर जाड ब्लँकेट अंथरलेलं. इस्त्रीवाली पँटवर पाणी शिंपडत होती. मागे तिची धाकटी जाऊ घड्या घालत होती. वाफेने दोघींचे चेहरे ओले झाले होते.

“अगंबाई, तुम्ही!” इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. “बसा ना. अगं, स्टूल पूस.”

जावेने स्टूल पुसलं आणि पिशवीतले शर्ट बाहेर काढले. एक हुंगून पाहिला.

“हे तर धुतलेले आहेत. आणि कॉलर कडक आहे की. इस्त्री झालेल्यावर परत इस्त्री?”

“चुरगळलेत जरा,” बाई म्हणाल्या.

“जरा नाही, कोणीतरी राग काढलाय यांच्यावर.”

“तू गप गं,” इस्त्रीवाली म्हणाली, पण तिलाही हसू आलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीची घडी घातली, ती मांडीवर ठेवली. “तू येत नाहीस रविवारी.”

“नाही बाई. झालं ते पुष्कळ झालं.” तिने पँटची घडी जुळवली. “नवऱ्याने भिंतीत खिळासुद्धा ठोकला होता, पदक टांगायला. सासरे म्हणाले, आधी बाशिंग बांधा आणि मग नवरी शोधा. आता त्यावर बाजाराची पिशवी लटकते. वाया नाही गेला.”

“ऐक. तुझ्यात दम नव्हता असं नाही.”

“नव्हताच.”

“नाही. मी झेंडा जोरात नेला. नवव्या किलोमीटरनंतर. मला कोणीतरी काहीतरी बोललं, ते लागलं, आणि मी पाय उचलले. तुम्ही बारा जण मागे आहात, हे ठाऊक असून. मी ठरलेल्या वेगाने गेले असते तर तू आली असतीस. नक्की आली असतीस.”

टेबलावरच्या इस्त्रीतून वाफ निघत होती. इस्त्रीवालीचा चेहरा हळूहळू सैल झाला, डोळे भरून आले आणि ती जावेकडे वळली.

“बघितलंस? मी सांगत नव्हते, बाई वेगळ्या आहेत म्हणून? एवढ्या लांब आल्या. शर्ट चुरगळून आणले. आणि माझं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतायत.”

“मी खरं सांगतेय,” बाई म्हणाल्या.

“हो हो, खरं.” इस्त्रीवालीने पदराने डोळे टिपले. “आमच्या शाळेतही एक बाई होत्या. गणित चुकलं की म्हणायच्या, मीच नीट शिकवलं नाही. तेव्हा कळायचं नाही.”

“अगं, तसं नाही. शेवटी तर मी...”

“पुरे बाई. तुम्ही अजून बोललात तर मला रडू येईल आणि या पँटवर डाग पडेल, मालक मला फाडून खाईल.” ती टेबलाखाली वाकली. कपड्यांच्या गाठोड्यामागून तिने बूट काढले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. “ही घेणार होती उद्या. म्हटलं, पडून राहण्यापेक्षा हिच्या पायात जाऊ देत.”

“आता नाही देणार वाटतं,” जाऊ म्हणाली.

“आता तू नवे घे. तूही चल माझ्याबरोबर.”

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं. चार मिनिटं, एवढे दोन शब्द होते. मी रिकाम्या रस्त्यावर चार मिनिटं चालत होते आणि तू माझ्या मागे होतीस. समोर इस्त्रीवाली बुटात हात घालून आतला कागद काढत होती. तिने बुटाला तोंडाने फुंकर मारली, तळवा उलटा करून पाहिला, टेबलावर आपटून माती झाडली.

“आमच्या टेबलावर माती,” जाऊ म्हणाली. “मालक आता दोघींनाही खाईल.”

बाईंनी तोंड मिटलं. तीन शर्टांना पुन्हा इस्त्री झाली. इस्त्रीवालीने पैसे घेतले नाहीत, आणि बाईंना ते पाकिटात परत ठेवावे लागले.

रविवारी दोघी जावा वेळेआधी येऊन उभ्या होत्या. धाकटीच्या पायात नवे बूट होते, इतके पांढरे की ती ओल्या जागा टाळून चालत होती. हरिणी आणि तिचे लोक केव्हाच पुढे निघून गेले होते. जाताना हरिणीने विचारलं होतं, येतेस का आमच्यात, गुडघा बरा दिसतोय. बाई म्हणाल्या होत्या, नको, या दोघी आहेत.

तळ्याकाठच्या रस्त्याने त्या निघाल्या. बाई पुढे, दोघी मागे. बाईंनी वेग इतका कमी ठेवला की त्याला धावणं म्हणायचं की चालणं, हे बघणाऱ्याच्या मनावर होतं. दर थोड्या वेळाने त्या वळून बघत, आणि त्यांनी बघितलं की इस्त्रीवाली हात वर करून सांगे, आहोत, आहोत. काठी टेकत फिरायला निघालेले एक आजोबा मागून आले, तिघींच्या बरोबरीला आले आणि सावकाश पुढे निघून गेले.



“ताई,” धाकटीचा दबका आवाज आला, “आपण जरा जोरात नको का जायला? ते आजोबा बघ कुठे गेले.”

“गप,” इस्त्रीवाली म्हणाली. “बाईंना कळतं.”

रस्ता सपाट होता, कुठे दगड नव्हता, खड्डा नव्हता. बाईंनी मान खाली घातली आणि त्या तशाच, पायांपुढच्या जमिनीकडे बघत धावत राहिल्या.