हरणाऱ्याचा चहा

“पानं पाच. सगळ्यांना मोजून पाच!” शामराव पत्ते पिसता पिसता म्हणाले. “साहेबाला सहा नाहीत आणि रेल्वेच्या खलाशाला चार नाहीत. याहून मोठी समता कुठं असेल तर दाखवा मला.”

सुभेदार सर्जेराव आणि गार्ड पंडित यांनी हे भाषण अकरा वर्षं ऐकलं होतं. शामराव म्हणजे जयपूरच्या रेल्वे स्टोअरमधले हेडक्लार्क, युनियनच्या शाखेचे चिटणीस आणि पक्के समाजवादी. युनियनमधल्या कुणीतरी एकदा चारचौघांत विचारलं होतं, की समाजवादी माणसाला पोकर चालतो कसा? तेव्हापासून शामराव दर डावाला त्याचं उत्तर देत, समोर विचारणारा असो नसो.

हा खेळ आणला सर्जेरावनं. जयपूरच्या लष्करी तळावर मेसचा कारभार बघताना तो शिकला होता. आता निवृत्त होऊन विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वॉचमनांवर हुकूम सोडायचा आणि रविवारी दुपारी शामरावांच्या क्वार्टरच्या अंगणात पत्ते टाकायचा. नियम मात्र शामरावांचे. पैसा लावायचा नाही. मिरजेहून आणलेले चिंचोके, प्रत्येकाला पंचवीस, आणि शेवटी सगळे परत एकाच डब्यात. जिंकणाऱ्याला काही नाही. हरणाऱ्यानं मात्र उठून चहा करायचा.

या शेवटच्या नियमाचा शामरावांना फार अभिमान होता. प्रत्यक्षात जो हरे तो बसल्या जागेवरून स्वयंपाकघराकडे मान वळवी आणि म्हणे, “वहिनी, चहा!” शामराव हरले तर नुसतं “अगं!” म्हणत.

संक्रांत चार दिवसांवर आली होती. आभाळात पतंगांची दाटी झालेली आणि गच्च्यांवरून “वो काटा!” चाललेलं. चौथा गडी गजानन बदली होऊन आबू रोडला गेला होता. शामरावांची बायको द्वारका शेंगांची ताटली ठेवायला बाहेर आली.

“वैनी, गडी कमी पडतोय,” सर्जेराव म्हणाला. “बसा की वाईच.”

“मला कुठं येतंय, सुभेदार भाऊजी?”

“बस गं,” शामराव उदारपणे म्हणाले. “आपल्या घरात भेदभाव नाही. मी समजावतो तुला.”

समजवायची वेळच आली नाही. अकरा वर्षं चहाचा ट्रे घेऊन ती चौघांच्या मागं उभी राहिली होती. चौघांचीही पानं बघितलेली अशी त्या घरात ती एकटीच होती. पंडितला चांगली पानं आली की तो शेंगा खायचा थांबतो, सर्जेराव मिशीला हात लावतो, आणि आपला नवरा थोर विचार बोलायला लागतो, हे तिला पाठ होतं.

तासाभरात तिच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग झाला. सर्जेराव प्रत्येक डावाला मांडीवर थाप मारून “वा वैनी!” म्हणायला लागला. शामराव आधी हसले, मग नुसते ओठ ताणून बसले, मग तेही जमेना.

शेवटच्या डावात त्यांच्या हातात तीन राण्या आल्या. पंडित आणि सर्जेरावनं पानं टाकून दिली. द्वारकानं एकदा आपल्या पानांकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढं सरकवला. तिचा चेहरा वाल निवडताना असतो तसा होता. शामरावांनी एकोणीस वर्षांचा संसार आठवून त्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते शोधलं. मग घाम पुसून राण्या पालथ्या टाकल्या आणि डाव सोडला.

सर्जेरावला राहवलं नाही. त्यानं तिची पानं उलटली. एक सत्ती, एक तिर्री, बाकीचा सगळा कचरा.

“आयला! कायच न्हाई की वो!” तो ओरडला. “आमच्या मेसमधल्या साहेबांना असं जमलं न्हाई कधी!”

पंडित हसून हसून खोकायला लागला. द्वारकाही हसली, तोंडावर पदर न घेता. शामराव जळत होते. दुसरा शब्दच नाही त्याला. अकरा वर्षांत सर्जेरावनं त्यांच्या खेळावर एकदाही मांडीवर थाप मारली नव्हती. आणि ही हसताना इतकी बरी दिसते, हे त्यांना आज या दोघांच्या देखत कळावं, याचाही त्यांना राग आला.

“खरं सांगू?” ते घसा साफ करून म्हणाले. “हा खेळ मुळात समाजवादात बसतच नाही. एकाकडं ढीग आणि दुसऱ्याच्या हातात धुपाटणं. वर खोटेपणाला शाबासकी! बंद केला पाहिजे.”

“अरे, घंटाभर आधी तर समता होती ना?” पंडित म्हणाला.

“ते राहू द्या,” द्वारका हलकेच म्हणाली. “चहा कुणाचा?”

शामरावांपुढं जेमतेम दोन चिंचोके उरले होते. सर्जेराव उठायला लागला तशी ती म्हणाली, “तुम्ही बसा, भाऊजी. तुम्ही नाही हरलात.”

शामराव आत गेले. स्टोव्ह पेटवायला चार काड्या गेल्या. साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायचं नव्हतं. तीन डबे उघडल्यावर चौथ्यात सापडली. बाहेर पुन्हा हशा पिकला. त्यांनी चहा उतू जाईतो उकळला, पातेलं निथळून कपांत ओतला आणि ट्रे बाहेर आणला. एक कप सर्जेरावला दिला, एक पंडितला, आणि एक स्वतः घेऊन बसले.

ट्रे रिकामा झाला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. सवयीनं झालं की मुद्दाम, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सर्जेरावनं तोंडाजवळ नेलेला कप खाली ठेवला. पंडित शेंगांची टरफलं बघत बसला. शामरावांनी घाईघाईनं आपला कप तिच्यापुढं सरकवला.

“घ्या तुम्ही,” द्वारका म्हणाली आणि सर्जेरावकडं वळली. “माझा आत झाकून ठेवलाय ना यांनी.”

तिनं चिंचोके गोळा करून डब्यात भरले, झाकण लावलं आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

“मग ठीक,” सर्जेराव म्हणाला आणि चहा प्यायला लागला. “बरा केलाय हो, शामराव.”

आत पातेलं रिकामं होतं. शामराव कप हातात धरून बसून राहिले. आतून स्टोव्ह पेटवल्याचा आवाज काही आला नाही.