मातकट अजगरीण आणि विहीणबाईंचा भांग

मी मातकट अजगरीण बोलतेय. साप बहिरे असतात, असं तुमच्यात म्हणतात, म्हणा बापडे! त्यामुळेच तर माणसं माझ्यासमोर बिनधास्त बोलतात.

माझा जन्म फ्लॉरिडातला, ऑर्विलच्या गॅरेजमधला. तो रंगीत अजगरांची पैदास करतो. माझी आई पांढरी-पिवळी, डोळे माणकासारखे लाल. मी मात्र शेणाने सारवल्यासारखी. गिऱ्हाइकं कपाटातला माझा खण उघडत आणि 'अरेरे' म्हणून लावून टाकत. ऑर्विल सांगायचा, "हिच्यात आईचा रंग लपलाय." पण ऐकतो कोण! शेवटी त्याने माझं लग्न लावलं. नवराही मातकटच, त्याची आईही पिवळी. मी सहा अंडी घातली.

त्याच सुमारास ऑर्विलच्या लेकीला, कोरीनला, मुलगा झाला. केस ताज्या तांब्यासारखे! कोरीनचे काळे, नवऱ्याचेही काळे. सासूबाई ब्युला कडाडल्या, "हे पोर आमचं नव्हे. चर्चमधल्या बारशात त्याला आमचं आडनाव लागायचं नाही." नवरा आईचा नंदीबैल. कोरीन बाळ घेऊन माहेरी आली.

अंडी फुटायला आली की या पैदासवाल्यांना धीर निघत नाही. बारीक कात्रीने कवचाला खिडकी पाडतात नि आत डोकावतात. या सोहळ्याला ऑर्विलने विहीणबाईंना मुद्दाम बोलावलं. अंड्यांचं टेबल माझ्या उघड्या खणाच्या बरोबर खाली.

पहिलं मातकट. दुसरंही मातकट.

"हे बघायला मला बोलावलंत, व्याहीबुवा?" ब्युलाबाई फणकारल्या.

तिसऱ्यातून पिवळंधमक डोकं वर आलं.

"बघा! आईबाप दोघं मातकट," ऑर्विल म्हणाला. "एका बाजूने भागत नाही, विहीणबाई. दोन्हीकडून छुपा रंग आला तरच तो असा उमटतो. केसांचंही तसंच. माझी आई तांबड्या केसांची होती. आता तुमच्याकडचं बोला."

"आमच्या सात पिढ्यांत असले केस नाहीत!"

पण मोह आवरेना. बाई अंड्यात डोकावायला वाकल्या आणि त्यांच्या काळ्याभोर केसांचा भांग माझ्या नाकाखाली आला. मुळाशी नखभर लखलखीत तांबडं! मला बोलता कुठं येतं? मी जीभच टेकवली.

बाईंनी किंकाळी फोडली. मला आवरायला धावलेला ऑर्विल तो भांग बघून जागीच थबकला.

"कोरीन, धाव! तुझ्या पोराचे केस सापडले गं!"

ब्युलाबाई हाताने भांग झाकत खाली बसल्या. "शाळेत पोरं 'आग लागली' म्हणून डोक्यावर पाणी ओतायची. तेव्हापासून रंगवतेय. मुलगा काळ्या केसांचा निघाला. वाटलं, संपलं एकदाचं."

कोरीनने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने पहिले ते भांगातले केसच धरले.

आडनाव लागलं. नंदीबैल पेढे... छे, पीच पाय हे तिकडचं गोडधोड घेऊन न्यायला आला. हल्ली गिऱ्हाइकं माझा खण उघडून 'हीच का ती?' म्हणतात. पिवळ्या पिल्लाचं नाव ऑर्विलने ब्युला ठेवलंय. विहीणबाईंना तेवढं सांगू नका.

आणि एक मागणं: कुणाच्या लेकराच्या रंगावर बोट ठेवण्याआधी आरशात स्वतःचा भांग बघत जा.