तूमारच्या डोळ्यांवरची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावर मिरवायची नव्हे, शिकारी गरुडाच्या डोळ्यांवर चढवायची. आमच्या किर्गिझ डोंगरांत मला तोमोगो म्हणतात. मित्रांनो, मला कोणी 'बिचाऱ्या पाखराची अंधारकोठडी' म्हटले, की माझे कातडे आक्रसते. मी कोठडी नाही.

वासराचे ओले कातडे लाकडी ठोकळ्यावर ताणून बापिश नावाच्या शिकाऱ्याने मला शिवले. तूमार ही त्याची मादी गरुड. तिला कोसभरावरचा ससा दिसायचा. ससाच काय, कुत्री, घोडे, वाळत घातलेला सदरा, सगळेच दिसायचे. सगळ्यांवर झेपावली असती तर दमून उपाशीच राहिली असती. म्हणून बापिश टेकडीवर चढून आधी स्वतः एक कोल्हा हेरायचा आणि मगच मला काढायचा. लोक तूमारची वाहवा करत. बापिश मात्र माझ्यावरून अंगठा फिरवायचा, आणि मला फार बरे वाटायचे.

पुढे घोड्यावरून पडून त्याचा गुडघा गेला. तूमार त्याच्या भाचीकडे, बुरुलचाकडे आली. येत्या वसंतात तूमारला मोकळे सोडायचे होते. दहा हिवाळे राबवलेला गरुड रानाला परत द्यायचा, ही आमची रीत. पण तोवर तिची शिकार चोख राहिली नाही, तर रानात ती जगणार नव्हती.

बुरुलचा मेहनती होती, पण तिचा फोन क्षणभर गप्प बसेना. गरुड पाळणाऱ्यांचे पाच गट, शेकडो व्हिडिओ. एक सांगे उपाशी ठेवा, दुसरा सांगे पोटभर चारा. तिसरा म्हणाला, टोपी फेका, गरुडाला जग बघू द्या. तिने सगळ्यांचेच ऐकले. मी खुंटीला लागले आणि उंदराने माझी कड कुरतडली. उंदराने! मला रडूच आले.

तूमार आधी वाऱ्यावरच्या पिशवीमागे धावली, मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. जानेवारीत ती एका पाहुण्याच्या ड्रोनवर झेपावली आणि दोन पिसे गमावून परतली.

"तायाके, हिला वेड लागलंय," बुरुलचा रडवेल्या आवाजात म्हणाली. आमच्याकडे मामाला तायाके म्हणतात. "मी सगळं वाचलं, सगळं केलं!"

"तेच तर झालं," बापिश म्हणाला. "पाखरू ठीक आहे गं. भिरभिरलंय ते तुझं डोकं. ही टोपी तुलाच घालायला हवी."

"माझं डोकं मावणार नाही हिच्यात."

"मावेल की. आता त्यात शिल्लक काय राहिलंय?"

ती हसली, मग रुसली, मग फोन बंद करून तिने मामाच्या हातात ठेवला. "हा मला रोज संध्याकाळी अर्धा तासच द्या. आणि गरुडाचं काही विचारायचं झालं, तर ते फक्त तुम्हाला."

तिने माझी कड सांधली. मग आम्ही रोज टेकडीवर जाऊ लागलो. पहिले काही दिवस खाली काही हलले, की तिचा हात मला सोडवायच्या वादीकडे जायचा. ती तो मागे घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात तिने एक कोल्हा नीट हेरला, आणि मगच मला काढले. तूमार सरळ त्याच्यावर गेली.

वसंतात निरोपाला सारे गाव जमले. कुत्री भुंकत होती, फोन उंचावले होते. बुरुलचाने मला शेवटचे काढले.

"उडव ना, उडव!" लोक ओरडले.

"थांबा जरा. तिचं तिला ठरवू द्या."

तूमारने सगळे पाहिले. कुत्री पाहिली, माणसे पाहिली. मग त्या सगळ्यांवरून उडत ती पलीकडच्या उतारावर गेली आणि एका सशावर उतरली. तिथेच बसून खाऊ लागली, तिने मागे वळून बघितलेही नाही. मी बुरुलचाच्या मुठीत रिकामी होते, आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती.

मित्रांनो, आता तुम्हालाही फार दूरचे आणि फार सारे दिसते. ते सगळेच पाहायची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही. आधी हेरा, मग डोळे उघडा. तूमारच्या टोपीची वादी दुसऱ्याच्या हातात होती. तुमची तुमच्याच हातात आहे.