पत्र्यावरची झड

रहमतआपाच्या घरात काय शिजतंय, काय शिवलं जातंय, कोण आलं, कोण गेलं, हे कळल्याबिगर मला जेवण गोड लागत न्हाई. अहमदपुरात बस स्टँडच्या मागं त्यांचं घर अन् आमचं घर, मधी भिंत एकच. त्या बायकांचे ब्लाउज-परकर शिवतात, मी अंगणवाडीत सेविका. माझा नवरा म्हणतो, "दिपाली, तुला अंगणवाडीत न्हाई, पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." म्हणू द्या. चौकशीची खोड होती म्हणूनच तर हे सगळं मला बघायला मिळालं.

आपांची लेक हुमा कॅनडात असती. नवरा शहेबाज अन् सहा वर्षांची पोरगी मनतशा. आपल्याकडं संध्याकाळ झाली की तिकडं सकाळ, तेव्हा हुमाचा व्हिडिओ कॉल येतो. अन् रोज तेच. हुमा म्हणती, "मनतशा, नानी को सलाम कर." पोरगी पडद्यावर अर्धा कान दाखवती, काहीतरी पुटपुटती अन् पळून जाती. आपा हसून म्हणतात, "लाजती गं." पण फोन ठेवल्यावर सुईत दोरा ओवायला त्यांना लई वेळ लागतो, ते मी बघते की. एकदा बोलून गेल्या, "ती तिकडंच जन्मली. माझ्या मांडीवर कधी बसली न्हाई. मी तिची कोण? फोनमधली बाई." माझा जीव तुटला बघा.

तर सप्टेंबर सरता सरता हुमाचा आवाजातला निरोप आला. मनतशाच्या शाळेत पोरांनी घरच्या माणसानं हातानं केलेली एक वस्तू न्यायची होती. शहेबाजचा चुलतभाऊ वकार सुट्टीवर लातूरला आलेला, तो परत जाताना घेऊन जाणार होता. इथवर नीट कळलं. पुढं हुमाच्या मागं मिक्सर सुरू झाला, अन् त्या घरघरीत एवढंच ऐकू आलं, "अम्मी, पत... झड का कुछ तो भी बनाको भेजो."

"पत म्हणजे काय?" मी विचारलं.

"पत्रा," आपा म्हणाल्या. "पत्र्यावरची झड गं. हुमा लहानपणी झड लागली की पत्र्याखाली बसून पागोळ्या बघायची. तेच आठवलं असंल तिला."

आमच्याकडं झड म्हणजे दिवसन् दिवस न उघडणारा पाऊस. कपडे वाळत न्हाईत, सरपण पेटत न्हाई, माणसं नुसती कावून जातात. ते कॅनडातल्या लेकरांना कशाला बघायचंय, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मी म्हणलं, "एकदा विचारून तर घ्या."

"माझ्या लेकीचं बोलणं मला कळत न्हाई व्हय?" आपांना राग आला. 

उशीचा अभ्रा करायचं ठरलं. आपांकडं कतरणीचं गाठोडं हाय, त्यातनं त्यांनी राखाडी, निळे, मळकट पांढरे तुकडे निवडले. एकाला एक जोडून आभाळ केलं. मग पांढऱ्या दोऱ्यानं तिरपा धावदोरा घालत गेल्या, तर खरंच पाऊस पडून राहिला असं वाटायला लागलं. रंगवायचं काम माझं. अंगणवाडीच्या भिंतीवरचे ससे अन् पपया मीच काढलेल्या हायेत. मी पत्र्याचं घर काढलं, पागोळ्या काढल्या, अन् डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चाललेला एक माणूस काढला. हात जरा आखूड झाला त्याचा, पण झकास दिसत होता.

मी हौसेनं फोटो काढून माझ्या लेकीला पाठवला. वर्षाराणी लातूरला क्लासला असती. तिचा लगेच फोन आला. आधी पोटभर हसली, मग म्हणली, "मम्मी, पतझड म्हणजे पानझड. पानं पिवळी-लाल होऊन गळतात तो ऋतू. पावसाचा काय संबंध?"

घ्या. करायला गेलो एक अन् झालं भलतंच.

मी आपांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या न्हाईत. अभ्रा मांडीवर घेऊन त्यावरनं हात फिरवला. मग म्हणाल्या, "सगळी पोरं पानं आणतील अन् ही एकटी पाऊस घेऊन उभी राहील. नानीनं चुकीचं पाठवलं म्हणून लेकरू रडंल. आधीच ती माझ्याजवळ येत न्हाई, दिपाली. आता तर येणारच न्हाई."

दुसरा अभ्रा करायला सवड नव्हती, वकार दोन दिवसांत निघणार होता. मी म्हणलं, पाऊस राहू द्या, वरनं पानं छापू. पण कशाची? मला आता हाच घोर लागला. आपल्याकडं दसऱ्याच्या सुमाराला पान कोणाचं गळतं? कडूलिंब बघितला, हिरवागार. पिंपळ हिरवा. लिंब उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतो, तोवर कोण थांबणार? बदामाची दोन लाल पानं घावली, ती वाळून कडक झालेली, रंग लावायला गेले तर हातात चुरा.

अन् बघा, काखेत कळसा अन् गावाला वळसा. रस्ता ओलांडला की व्यंकटीदादाचं सोयाबीन. काढणीला आलेलं, शेंगा भरल्या की ते आपली पानं आपणच गाळतं. सगळं रान पिवळं, खाली पानांचा थर. एवढी वर्षं मी त्या बाजूनं अंगणवाडीला जाते अन् ही पानझड हाय असं कधी मनात आलं न्हाई.

आम्ही दोघी वाकून पानं वेचायला लागलो तर व्यंकटीदादा बांधावरनं म्हणाला, "लोक शेंगा चोरतात, तुम्ही पाला नेऊन राहिल्या?"

"कॅनडाला पाठवायचाय," मी म्हणलं. 

घरी येऊन आम्ही जुन्या परकरावर छापून बघितलं. वाळलेलं पान मोडतं. हिरव्या पानावर रंग घसरतो. पण अर्धं पिवळं, अजून जरा ओल धरलेलं पान घ्यायचं, त्याला पाठीमागनं पातळ रंग लावायचा, कापडावर ठेवून वर कागद अन् हळूच लाटणं फिरवायचं. उचललं की शीरन् शीर उमटलेली. आपांच्या तोंडावर कितीतरी वेळानं हसू आलं. "आणखी एक," "आणखी एक," करत आम्ही पोरींगत सगळा पाऊस पानांनी भरून टाकला. पिवळी, नारिंगी, तांबडी. वाळल्यावर आपांनी उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली अन् वकारकडं अभ्रा दिला.

मग वाट बघणं. वकार पोचला. शाळेचा दिवस आला अन् गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पीठ भिजवून तसंच झाकून ठेवलं अन् आपांच्या शेजारी जाऊन बसले. आपा फोनकडं बघत न्हाई असं दाखवत होत्या.

फोन वाजला. पडद्यावर हुमा न्हाई, शहेबाज न्हाई. मनतशाच होती, सगळंच्या सगळं तोंड दिसेल अशी. शाळेत काय झालं ते तिनं सांगितलंच न्हाई. अभ्रा फोनपुढं धरून एकदम विचारलं, "नानी, इस आदमी ने सर पे क्या पेना?"

आपा मला बघतात, मी आपांना. मग आपा उठल्या, ज्वारीचं रिकामं पोतं आणलं, त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचला अन् डोक्यावर घेऊन फोनपुढं उभ्या राहिल्या. "ऐसा. बारिश में ऐसा जाते."

पोरगी खिदळली. "भीगते नै?" आपा म्हणाल्या, पाय भिजतात, डोकं न्हाई. मग आपा एकेक सांगत गेल्या अन् पोरगी विचारत गेली, एका देठाला पानं तीन-तीनच का, शेतातला पाला कोण झाडतो, तुझ्या घरात पाणी येतं का, पत्रा वाजतो म्हणजे कसा वाजतो. आपांनी फोन भिंतीला टेकवला अन् ताटलीवर बोटं वाजवून दाखवली. डोक्यावरचं पोतं काढायचंही त्यांच्या ध्यानात न्हाई.  

मागनं हुमाचा आवाज आला, "बस हुआ, स्कूल की बस आ रई, नानी को खुदा हाफिज बोल."

आपांनी सवयीनं लाल बटनाकडं बोट नेलं. तर कॅनडात जन्मलेल्या त्या लेकरानं आमच्या मराठवाड्याचा शब्द काढला, "नानी, फोन नक्को रखो."

"नै रखती मां," आपा नातीला लाडानं म्हणाल्या, अन् पोतं घेतल्या डोक्यानंच रडायला लागल्या.