नुसतं नाव

अंकिताने प्रोग्राममधला सुटलेला कंस बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. फोनवर परत लाल ओळी उमटल्या.

"आता काय म्हणतंय?" राहीबाईने वालाचं बिरडं सोलता सोलता सुनेला विचारलं.

"चौथ्या ओळीत चूक हाय म्हणतंय, आई."

अंकिताला त्या लाल ओळींचा राग येत नसे. चूक कुठे आहे ते तरी त्या सांगतात. या घरात सून चुकली एवढंच कळतं. नेमकं कुठे, ते सांगायची कोणाला गरज वाटत नाही. काल महाडच्या कॉम्प्युटर क्लासहून येताना एसटी बंद पडली, पोलादपूरला पोचेपर्यंत अंधार झाला, तेवढ्यावरून सासऱ्यांनी, सोनबांनी, तिचा क्लासच बंद करून टाकला. मुंबईला रितेशला फोन केला, तर नवरोबा म्हणाले, बाबा म्हणतील तसं. उद्या क्लासात तिला स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. तो पुरा करायचाच, म्हणून ती सकाळपासून हट्टाला पेटली होती.

चौथ्या ओळीत एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. ते टाकलं, तशा लाल ओळी गेल्या आणि प्रश्न आला: तुमचं नाव?

"आई, चाललं! बायकांना उखाणा करून देणारा प्रोग्राम हाय. तुमचंच नाव घालते."

तिने 'राहीबाई' लिहिलं. पुढचा प्रश्न आला: नवऱ्याचं नाव?

राहीबाईचे हात थांबले. ते नाव तिने घेतलं होतं ते उखाण्यातच, तेही चारचौघींनी अडवून धरल्यावर. एरवी 'अवो', नाहीतर 'रितेशचे बाबा'.

"तूच लिही की गो."

"तुम्ही सांगा, मग लिहिते. नावाशिवाय ते पुढं जात नाय."

"मग बसू दे तसंच," राहीबाई हसली.

तेवढ्यात सोनबा शेतावरून आले. पडवीत सुनेच्या हातात फोन बघून त्यांचं डोकं फिरलं.

"अजून तेच? नाय जायचं म्हणजे नाय. तो फोन इकडं दे."

अंकिता उठून उभी राहिली, पण फोन तिने दिला नाही.

"मला उद्या प्रोग्राम दाखवायचा हाय, बाबा. मी जाणार."

तिने मान खाली घातली नाही. सोनबांनी फोन घ्यायला हात पुढे केला.

"सोनबा!"

सोनबांनी वळून अंगणाकडे पाहिलं. त्यांना अशी नुसत्या नावाने हाक मारणारे गावात आता एकदोन म्हातारेच उरले होते. अंगणात कोणी नव्हतं.

"तिकडं काय बघता? मी बोलते." बिरड्याचं ताट बाजूला सारून राहीबाई दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "उद्या ती जाणार हाय. सकाळच्या गाडीला मी स्वतः बसवून येईन."